चीनचा भाव ३५७, इथला ४५५: तरीही उत्पादन परत का आणतात?

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत तुमचा गाळा आहे. पाण्याच्या टाकीचे वॉटर लेव्हल कंट्रोलर तुम्ही चीनमधून तयार आणता आणि आपल्या नावाने विकता. वर्षाला साधारण ६०,००० नग. चीनचा भाव ४.२० डॉलर एफओबी (तिथल्या बंदरात जहाजावर चढवून दिलेला), म्हणजे डॉलर ८५ रुपये धरून ३५७ रुपये. ठाणे-वसई पट्ट्यातून घेतलेलं सगळ्यात बरं कोटेशन ४५५. असं असताना अमेरिकी, जपानी कंपन्या उत्पादन मायदेशी का आणतायत, त्यांना हिशेब येत नाही की आपल्याला, असं तुम्ही विचारलंय. त्यात दडलेला दुसरा प्रश्न म्हणजे आपणही आणावं का.

खरी अडचण अशी की ३५७ आणि ४५५ हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडताच येत नाहीत. पहिला निंगबो किंवा शेन्झेनच्या धक्क्यावरचा आहे, दुसरा तुमच्या दारातला. मधल्या अंतराचा खर्च होतोच, पण तो एका बिलावर येत नाही. थोडा सीएचएच्या (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाच्या) बिलात, थोडा बँकेच्या व्याजात, थोडा सर्व्हिसवाल्याच्या पगारात, थोडा गोदामातल्या धूळ खाणाऱ्या खोक्यांत. हा विखुरलेला खर्च प्रत्येक मालाचा वेगळा निघतो. त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, पण हिशेबाची रीत एकच आहे. अमेरिकेत हॅरी मोझर यांनी २०१०मध्ये उत्पादन मायदेशी परत आणण्यासाठी रीशोअरिंग इनिशिएटिव्ह सुरू केलं, त्यांचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे: भाव बघू नका, एकूण खर्च बघा.

आधी धक्क्यापासून दारापर्यंत येऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पद्धत धरा आणि आपले घाला. वीस फुटी कंटेनरमध्ये प्रत्यक्षात २८ घनमीटर माल बसतो. तुमचा नग खोक्यासकट ०.००३ घनमीटर धरला तर एका कंटेनरात ९,३०० नग. जहाजभाडं १,२०० डॉलर असेल तर नगामागे ११ रुपये, विमा एक रुपया. सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून किंमत, झाली ३६९. बेसिक कस्टम ड्युटी १० टक्के धरू, तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे मिळून ११ टक्के, ४१ रुपये. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्क्यांनी ७४ रुपये. तो क्रेडिटमध्ये परत मिळतो म्हणून खर्चात धरायचा नाही, पण पैसा अडकतो हे लक्षात ठेवा. न्हावाशेवा बंदराचे टर्मिनल आणि सीएफएसचे (कंटेनर ठेवायच्या यार्डाचे) चार्जेस, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, सीएचए, रबाळ्यापर्यंत ट्रेलर हे सगळं कंटेनरमागे ५६,००० धरलं तर नगाला ६ रुपये. बँकेचे २. बेरीज ४१८. इथेच ९८चा फरक ३७वर आला.

पुढचा खर्च पैसा किती दिवस अडकतो त्याचा. तिकडची पद्धत ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल चढायच्या आधी. उत्पादनाला ४० दिवस लागले तर १०७ रुपये ४० दिवस अडकले. मग पूर्ण ३५७ रुपये समुद्रात आणि क्लिअरिंगमध्ये ३० दिवस आणि तुमच्या गोदामात ४५ दिवस. ड्युटी, भाडं आणि आयजीएसटीचे वेगळे. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिटवर) १२ टक्के व्याज धरलं तर नगामागे १२ रुपये होतात. इथला पुरवठादार मात्र ४५ दिवसांची उधारी देतो आणि माल तुमच्याकडून २० दिवसांत निघून जातो, म्हणजे उलट तुम्हालाच सुमारे ४ रुपयांचा फायदा. एकूण फरक १६. (उधारी ४५ दिवसांच्या पुढे खेचू नका. पुरवठादार उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या आयकरातल्या ४३बी(एच)च्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरता येते. आणि लेखी करार नसेल तर मुदत १५च दिवसांची.)

गोदामातले ४५ दिवस कुठून आले हेही सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. तुमची विक्री आठवड्याला साधारण १,१५० नग. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी, सरासरी चढउतार ४०० धरू. माल संपू नये म्हणून ठेवायचा राखीव साठा पुरवठ्याच्या मुदतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चीनची मुदत ऑर्डरपासून गाळ्यापर्यंत १२ आठवडे, इथली २. सूत्र सोपं आहे: १.६५ गुणिले चढउतार गुणिले मुदतीचं वर्गमूळ. चीनसाठी सुमारे २,३००, इथल्यासाठी ९३०. त्यात भर लॉटच्या निम्म्याची: तिकडे कंटेनरभर घ्यावाच लागतो म्हणून ४,६५०, इथे चार हजारांचा लॉट मिळतो म्हणून २,०००. एकीकडे सरासरी जवळपास सात हजार नग पडून, दुसरीकडे तीन हजारांच्या आत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ज्या भावाने आज जागा मिळते, त्या भावात चार हजार खोकी ठेवायला लागणारी जागा काय भाड्याची पडते ते तुम्हीच लावा. मी ती हिशेबात धरलेलीच नाही.

आता रिजेक्शन. अडीच टक्के माल खराब निघाला तर चीनला परत पाठवणं परवडत नाही. पुढच्या ऑर्डरमध्ये सूट मिळाली तर मिळाली. १० रुपये गेले. इथेही खराबी तेवढीच धरा, पण डेबिट नोट काढून टेम्पोने माल परत जातो, खर्च २ रुपये. फरक ८. डिझाइन किंवा फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) बदललं की वाटेतला आणि गोदामातला माल जुना होतो. वर्षाला ३,००० नग उघडून ८० रुपये खर्चून दुरुस्त करावे लागले तर वर्षभराच्या मालावर ४ रुपये. मार्च-एप्रिलमध्ये एकदा तरी दीडेक हजार नग विमानाने मागवावे लागतात, त्याचे ३. माल चढण्याआधी त्रयस्थ तपासनीस पाठवायचे वर्षाचे दीड लाख, म्हणजे अडीच रुपये.

सगळं वजा केलं की फरक साडेतीन रुपयांवर येतो. ९८वरून साडेतीन.

पण इथे घाई नको. इकडे आणायचं म्हणजे नवा मोल्ड (कॅबिनेटचा साचा) आणि टेस्टिंग जिग (नग तपासायची मांडणी) लागणार. दोन्ही मिळून १७ लाख धरले आणि तीन वर्षांच्या १,८०,००० नगांवर वाटले तर साडेनऊ रुपये चढतात. म्हणजे अख्खा नग जसाच्या तसा इथे बनवून घेतला तर तुम्ही १३ रुपये वरच द्याल. ‘सगळं परत आणा’ म्हणणारे हा शेवटचा आकडा सांगत नाहीत आणि ‘चीन स्वस्त’ म्हणणारे आधीचे आकडे सांगत नाहीत.

मग मोठ्या कंपन्या परत का येतात? स्वस्त मजुरी हे जाण्याचं कारण होतं, पण बऱ्याच मालात मजुरीचा वाटा मुळातच कमी असतो. तुमचंच कॅबिनेट घ्या. एबीएस प्लास्टिक १४० ग्रॅम, किलोला १६० रुपये धरले तर साडेबावीस रुपयांचा माल. १५० टनांच्या मशीनवर ३८ सेकंदांची सायकल, एका शॉटमध्ये दोन सेट, तर ८५ टक्के कार्यक्षमतेने तासाला १६० सेट. मशीनचा तासाचा दर ५५० धरला तर सेटला साडेतीन रुपये, आणि त्या साडेतीन रुपयांत ऑपरेटरचा पगार साठ-सत्तर पैसे. स्क्रॅप आणि नफा धरून सेट ३१ला पडतो. साठ पैशांची मजुरी वाचवायला कोणी समुद्र ओलांडत नाही. माल तिकडे जातो तो मुख्यतः तिथे टूलरूम, कॉम्पोनंट बाजार, पॅकिंगवाला सगळे एकाच गावात बसलेले असतात म्हणून. आणि परत येतो तेव्हा कारणं वेगळी असतात.

त्यातलं एक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: डिझाइन करणारा आणि बनवणारा यांच्यातलं अंतर. जनरल इलेक्ट्रिकचा जिओस्प्रिंग नावाचा वॉटर हीटर चीनमध्ये बनत होता. २०१२मध्ये त्यांनी तो केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात आणला. आणताना डिझायनर, अभियंते आणि लाइनवरचे कामगार एका टेबलावर बसवले. आतली नळ्यांची गुंतागुंत वेल्डिंगला इतकी अवघड होती की डिझाइनच बदललं. जोडणीचा वेळ दहा तासांवरून दोन तासांवर आला आणि किरकोळ किंमत १,५९९ डॉलरवरून १,२९९वर आणता आली. दूरच्या कारखान्याला ड्रॉइंग पाठवलं की तो ते बनवून देतो. जास्त तास लागले तर भावात टाकतो. हे ड्रॉइंग बनवायला अवघड आहे, असं सांगायला तो येत नाही. बचत देश बदलून झाली नाही, डिझाइन बदलून झाली; जवळ आल्यामुळे ते बदलणं जमलं, इतकंच. पुढे २०१६च्या अखेरीस जीई अप्लायन्सेसने जिओस्प्रिंग बंद केला हेही खरं. कारखाना घरी आला म्हणून बाजार आपोआप मिळत नाही.

दुसरं कारण सरकारी. अमेरिकेने २०१८पासून चिनी मालाच्या मोठ्या याद्यांवर जादा शुल्क लावलं. जपानने एप्रिल २०२०मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, उत्पादन मायदेशी आणणाऱ्या कंपन्यांसाठी २२० अब्ज येन बाजूला काढले. आपल्याकडे खेळणी बघा: फेब्रुवारी २०२०मध्ये ड्युटी २०वरून ६० टक्के, २०२३मध्ये ७० टक्के, आणि मध्ये १ जानेवारी २०२१पासून आयएसआय मार्क सक्तीचा. ड्युटीपेक्षा हा मार्क जास्त चावतो. परदेशी कारखान्याला लायसन्स हवं तर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) अधिकारी तिथे जाऊन तपासणी करणार, त्याची फी, बँक गॅरंटी आणि वाट बघणं आलं. तुमचा माल आज एखाद्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरमध्ये (मार्क सक्तीचा करणाऱ्या सरकारी आदेशात) नसेलही. पण अशा ऑर्डरी निघतात, पुढे ढकलल्या जातात, कधी मागेही घेतल्या जातात. म्हणून दर तिमाहीला एकदा आपल्या एचएसएन कोडची (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाची) स्थिती सीएचएला विचारायची सवय ठेवा.

तिसरं कारण एकाच वाटेवर अवलंबून राहण्याची भीती. ड्रुरी या जहाजवाहतूक सल्लागार कंपनीच्या निर्देशांकात चाळीस फुटी कंटेनरचं भाडं २०१९मध्ये दीड हजार डॉलरच्या आसपास होतं, सप्टेंबर २०२१मध्ये दहा हजारांच्या वर गेलं. तुमच्या हिशेबात भाडं नुसतं चौपट झालं तरी ११चे ४४ होतात आणि ड्युटी सीआयएफवर असल्याने तीही वाढते. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाने लावले, तेव्हा वाहन कंपन्यांना चुंबकाचा भाव कितीही द्यायची तयारी असून उपयोग नव्हता. डॉलरचंही तसंच. ८५चा ८८ झाला की तुमच्या नगाला ड्युटीसकट १४ रुपये चढतात. पण यावरून इथल्या मालाला तेवढा पूर्ण फायदा होतो असं समजू नका. इथल्या बोर्डावरचा आयसी (चिप) आणि रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) आयातच असतात आणि एबीएसचा भाव डॉलरच्या मागे फिरतो. निम्मा फायदा धरा.

परत आणून फसलेलेही आहेत. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाजवळ रोबोंवर चालणारे स्पीडफॅक्टरी कारखाने काढले आणि नोव्हेंबर २०१९मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं. तंत्र गेलं पुन्हा आशियातल्या पुरवठादारांकडे, कारण बुटांचा बाकी सगळा पसारा तिथे आहे. ओटिस लिफ्टने मेक्सिकोतलं काम दक्षिण कॅरोलिनात हलवताना जागा, माणसं आणि सॉफ्टवेअर एकाच वेळी बदललं आणि डिलिव्हरी रखडल्या. या दोन्हींतून लहान उद्योगाने घ्यायचं ते एवढंच: पुरवठ्याची साखळी मागे ठेवून एकटा कारखाना आणू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवा.

आता तुमच्यासाठी माझं मत. अख्खा नग हलवू नका, तो फोडा. बोर्ड (रिले आणि पॉवर सप्लायसकट) चीनमध्ये ठेवा. कॅबिनेट, वायरी, जोडणी, टेस्टिंग, खोकं इथे करा. कारण साधं आहे: कॅबिनेट आयात करणं म्हणजे हवा आयात करणं. बोर्ड अँटिस्टॅटिक ट्रेमध्ये रचून आणला तर जागा नगाच्या सातव्या-आठव्या भागाइतकीच लागते. शिवाय बदल होतात ते कॅबिनेटवर, लेबलवर, खोक्यावर, वायरच्या लांबीवर. बोर्ड वर्ष वर्ष तोच राहतो. आणि इथल्या कोटेशनमध्ये महाग काय आहे ते सुटं मागितलंत तर दिसेल की बोर्डच महाग आहे, कारण इथला ईएमएसवाला (बोर्ड भरून देणारा) तेच आयसी वितरकाकडून थोड्या संख्येने घेतो.

हिशेब असा. बोर्ड २.९० डॉलर, म्हणजे २४६. भाडं धरून सीआयएफ २४८, त्यावर ११ टक्के २७, क्लिअरिंग आणि बँक ३. झाले २७८. कॅबिनेट ३१, वायरी-कनेक्टर ३४, जोडणी आणि टेस्टिंग २०, पॅकिंग १७, देखरेख, वीज, इथलं रिजेक्शन वगैरे २३. इथले झाले १२५. एकूण ४०३. बोर्डावरचं व्याज, खराबी, तपासणी असे १५ घाला, ४१८. त्याच मापाने आजचा चिनी नग तुम्हाला ४५०ला पडतोय (दारापर्यंतचे ४१८ अधिक वरचे साडेएकतीस: व्याज १२, खराबी १०, जुना माल ४, विमान ३, तपासणी अडीच). नगामागे तीसेक रुपये, वर्षाला १८ लाखांच्या आसपास, आणि गुंतवणूक १७ लाख. साधारण वर्षभरात निघते. वर्षाला १५,००० नग असते तर मी हे सुचवलं नसतं. तेव्हा मोल्डचा पैसा निघायला चार वर्षं लागतात आणि तोपर्यंत मॉडेल बदलतं. एक सावधगिरी मात्र हवी: भरलेला बोर्ड वेगळ्या एचएसएनखाली जातो आणि त्याची ड्युटी तयार नगापेक्षा जास्तही असू शकते. ऑर्डर देण्याआधी सीएचएकडून लेखी घ्या.

मोल्ड नवा करायचा की चीनमधला आणायचा? त्याच्यावर किती शॉट झालेत ते आधी विचारा. पी-२० स्टीलचा मोल्ड तीन ते पाच लाख शॉट नीट चालतो. अर्धं आयुष्य संपलं असेल तर वसईत नवा करा. आणायचा असेल तर आधी तो तुमचा आहे हे कागदावर आहे का ते बघा. ‘टूलिंग’ म्हणून पैसे दिले असतील पण भावात सूट मिळाली असेल तर तिकडचा मालक म्हणतो मोल्ड आमचा. इनव्हॉइस, मोल्डवरच्या नेमप्लेटचा फोटो आणि थ्रीडी फाइल या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय विषय काढू नका. दुसरं, तुमच्या पैशाने बनलेला मोल्ड तिकडे वापरला गेला असेल तर २००७च्या कस्टम्स मूल्यांकन नियमांतल्या नियम १०प्रमाणे त्याची किंमत आजवरच्या मालाच्या मूल्यात वाटून धरायला हवी होती. ती धरली नसेल तर मोल्ड आणताना प्रश्न येतो. आधी सल्लागाराशी बोलून घ्या. वापरलेल्या मोल्डला चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेटही लागतं.

पाठवताना कूलिंगच्या वाटांमधलं पाणी हवेने पूर्ण काढायला सांगा, नाहीतर तीन आठवड्यांत आत गंज धरतो आणि इथे सायकल ३८ची ४८ सेकंद होते. कोणाला कळतही नाही का. गंजरोधक स्प्रे, दोन्ही अर्धे बांधणारी लॉक पट्टी, उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का असलेली लाकडी पेटी. इथल्या मोल्डरकडे आधी मापं पाठवा: टायबारमधलं अंतर, मोल्डची उंची, लोकेटिंग रिंगचा व्यास, इजेक्टर रॉडची जागा, पाण्याच्या निपलचे आटे. हॉट रनर असेल तर कंट्रोलरच्या प्लगची जुळणी. आणि हे फार साधं, पण विसरलं जातं: पाचशे किलोचा मोल्ड वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात चढत नाही. वागळे इस्टेटच्या जुन्या इमारतींत लिफ्टची क्षमता बघूनच मोल्डर निवडा. तसंही तिथे आणि महापे-ऐरोलीत ऑफिसं आणि डेटा सेंटर वाढल्यापासून जागा महाग झाली आहे. मोल्डिंग भिवंडी, वसई किंवा अंबरनाथला आणि जोडणी रबाळ्यात, ही विभागणी बहुधा स्वस्त पडते.

कच्चा माल तोच ग्रेड घ्या. एबीएस ०.४ ते ०.७ टक्के आकसतो, पॉलिप्रॉपिलीन त्याच्या दुपटी-तिपटीने. ‘पीपी स्वस्त पडेल’ म्हणून त्याच मोल्डमध्ये ओतलं तर झाकण बसणार नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत एबीएस ओल धरतो. ८० अंशांवर दोन ते चार तास हॉपर ड्रायरमध्ये सुकवला नाही तर पृष्ठभागावर चंदेरी रेघा उमटतात आणि मोल्डर दोष मोल्डला देतो. ड्रायरचं तापमान लिहिलेली शीट मागा. पावसाळ्यात खोकीही मऊ पडतात, म्हणून तीन प्लायच्या जागी पाच प्लाय घ्या आणि थर एकाने कमी रचा.

बोर्डासाठी गर्बर फाइल (बोर्डाचा नकाशा), पूर्ण बीओएम म्हणजे सुट्या भागांची यादी (कॅपॅसिटर आणि रिलेच्या ब्रँडसकट) आणि फर्मवेअर आत्ताच मागून ठेवा, बोर्ड तिकडेच राहणार असला तरी. बीओएममध्ये ‘किंवा समतुल्य’ असे शब्द असतील तर ते काढायला लावा. बहुतेक वेळा घोळ याच शब्दांतून होतो, पुढच्या लॉटमध्ये रिले बदलतो आणि उन्हाळ्यात कॉन्टॅक्ट चिकटल्याच्या तक्रारी येतात. टेस्टिंगचा जिग स्वतःचा करा. चुनाभट्टीला आयडीईएमआय ही केंद्र सरकारच्या एमएसएमई खात्याची संस्था आहे, मापन आणि टूलिंगच्या कामात लहान उद्योगांना तिचा उपयोग होतो.

क्रम महत्त्वाचा. चीनच्या पुरवठादाराला कळलं की तुम्ही जाताय, तर पुढचा लॉट उशिरा आणि ढिला येतो. म्हणून आधी सांगू नका. आधी तीन महिन्यांच्या विक्रीइतका साठा करा. मोल्डची पहिली ट्रायल, मग मापांचा अहवाल, मग दुरुस्ती, मग ३०० नगांचा पायलट लॉट जो तुमच्याच जोडणीवर जाईल. इथले दोन पूर्ण लॉट तुमच्या तपासणीत पास होईपर्यंत तिकडची तयार नगाची ऑर्डर चालू ठेवा. फक्त बोर्ड द्यायची बोलणी त्यानंतर करा, आणि ती करताना वर्षाची संख्या सांगा. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून टिकताय हे त्याला दिसलं की मोल्डचा कागदही सहज निघतो.

हे सगळं चिनी नववर्षाच्या आगेमागे ठेवू नका. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत कारखाने दोन ते चार आठवडे बंद असतात, परत आलेल्या कामगारांत नवे बरेच असतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या लॉटचं रिजेक्शन जास्त येतं. तुमचा हंगाम मार्चला उघडतो. म्हणजे मोल्डची ट्रायल जुलै-ऑगस्टमध्ये, पायलट लॉट सप्टेंबरात आणि दिवाळीपर्यंत पूर्ण उत्पादन असा बेत धरलात तर हंगामाआधी चुका दुरुस्त करायला नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने हातात राहतात. ट्रायल भर पावसात होते, ते बरंच आहे: एबीएस सुकवण्याची शिस्त तेव्हाच पारखून होते.